गुरुजी अजून त्याच बाकावर येऊन बसतात

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री जेवण झाल्यावर वाचा. पण वाचा.

आमच्या बागेत महिनाभरापूर्वी एक फळा लागला. निळा पत्रा, पांढरी अक्षरं. ‘बागेत पत्ते खेळण्यास सक्त मनाई. आढळल्यास कारवाई करण्यात येईल.’ खाली सही नाही, तारीख नाही. आणि फळा ठोकला कुठं, तर कडुनिंबाच्या त्याच झाडाला, ज्याच्याखाली आम्ही गेली सहा वर्षं मेंढीकोट खेळतो. बाग पश्चिम नागपुरातली आहे, नाव लिहीत नाही. माळी, चौकीदार ही गरीब माणसं आहेत, त्यांच्या मागं कोणी लागू नये. आणि हा प्रश्न एका बागेचा नाही, म्हणूनही.

आमचा ग्रुप म्हणजे पाच-सहा जण. मी टपाल खात्यातून रिटायर झाले, वय सदुसष्ट, ग्रुपमधली एकटी बाई. बाकीच्यांची खरी नावं लिहिलेली त्यांना आवडणार नाहीत, म्हणून आम्ही हाक मारतो तीच लिहिते. गुरुजी: जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे, वय चौऱ्याहत्तर. ठेकेदार: छोटी-मोठी बांधकामं केली, आता मुलगा बघतो. बँकवाले भाऊ. आणि इंजिनिअर साहेब, जे प्रत्येक डाव झाल्यावर ‘मी तेव्हाच इस्पिक टाकायला पाहिजे होतं’ असं सांगतात. सहा वर्षांत एकदाही त्यांनी तेव्हा इस्पिक टाकलं नाही.

ज्यांना मेंढीकोट माहीत नाही (नवीन पिढीत असे बरेच आहेत, माझ्या सुनेला रमी येते पण हे नाही) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार जण, समोरासमोरचे दोघं पार्टनर. प्रत्येकाला तेरा पानं. उतारीला जो रंग आला तोच टाकायचा. तो रंग हातात नसला की हुकूम उघडतो आणि हुकमानं मारता येतं. सगळी मारामारी चार दश्शांसाठी. दश्शी म्हणजेच मेंढी. तीन मेंढ्या आल्या की डाव तुमचा, दोन-दोन झाल्या तर ज्याचे हात जास्त तो जिंकला, आणि चारही उचलल्या तर मेंढीकोट. मग समोरच्यांना दोन दिवस तोंड दाखवायला जागा राहत नाही. पैसे नाहीत. एक रुपया नाही. जो हरला त्यानं चहा सांगायचा, असाही नियम आम्ही ठेवला नव्हता, कारण बँकवाले भाऊ सदा हरतात आणि त्यांना शुगर आहे.

खेळ सोपा वाटतो. पण बसून बघा. कोणाची कोणती पानं गेली, किलवरचा एक्का पडला की नाही, पार्टनरनं चौकटची तिर्री टाकली ती उगाच की काही सांगायला, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. (ठेकेदार करतात. भुवई वर गेली की बदाम. सगळ्यांना माहीत आहे.)

आता फळा लावणाऱ्यांच्या बाजूनं बोलते, कारण ते अगदीच वेडे आहेत असं नाही.

माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं. आमच्या घरात पत्त्यांचा कॅट आणायला बंदी होती. कारण माझे आजोबा. आपल्याकडं पोळ्याला काय चालतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. बैल धुऊन, सजवून, तोरणाखालून आणले की संध्याकाळपासून गावातल्या कोणत्या तरी गोठ्यात तीन पत्तीची बैठक बसते, ती तान्ह्या पोळ्याच्या दुपारपर्यंत. वर्षभर पानाला हात न लावणारा माणूसही त्या रात्री बसतो, ‘सणाचं असते जी’ म्हणून. अशाच एका पोळ्याला आजोबांनी ओढ्याकाठचा दीड एकराचा तुकडा घालवला. आजीनं पुढं कधी पोळ्याला पुरणपोळी केली नाही. माझे वडील तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. पुढं आयुष्यभर घरात पत्ते दिसले की ते काही न बोलता उचलून चुलीत टाकायचे. तेव्हा पत्त्यांना लोक घाबरतात ते कशाला, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पण माझे मामा महालात राहायचे. मे महिन्यात आम्ही पोरं नागपूरला यायचो. नागपूरचा मे! दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाय ठेवायची सोय नाही. जाड भिंतींचा जुना वाडा, खिडकीला वाळ्याची ताटी, नंतरच्या वर्षांत कूलर आला. कूलरसमोर चटई टाकायची आणि गुलामचोर, बदाम सात, पाच-तीन-दोन, झब्बू, नॉट अ‍ॅट होम. कूलरच्या हवेनं पानं उडायची, म्हणून हात झाले की त्यावर चिंचोके ठेवायचे. मामी आमच्यात बसायची. चौकटच्या राणीला ती ‘आमची थोरली जाऊ’ म्हणायची. मेंढीकोट मी तिच्याकडून शिकले. वर्ध्याला परतताना मामी सांगायची, ‘घरी बोलू नको बरं, तुझ्या बाबाले.’ म्हणजे एकाच जिल्ह्याच्या अंतरात पत्ते हे पापही होते आणि उन्हाळ्याची सुट्टीही होते. फरक काय होता? पैसा. फक्त पैसा.

लग्न झाल्यावर चाळीस वर्षं पत्त्यांना हात नाही. सासूबाईंच्या मते ते रिकामटेकड्यांचे धंदे. नोकरी, मुलं, स्वयंपाक, वेळ कोणाला होता! रिटायर झाले, आणि सहा महिन्यांत हे गेले. त्यानंतरच्या वर्षाबद्दल मी लिहिणार नाही. मुलगी म्हणाली, आई रोज बागेत चालायला जा. गेले. तीन फेऱ्या मारल्या की त्या निंबाखालून जायचं. एके दिवशी तिथं तिघंच बसले होते, चौथा आला नव्हता. गुरुजींनी वर बघितलं आणि विचारलं, ‘ताई, येते का हो तुम्हाला?’ मी म्हटलं, ‘मेंढीकोट येतो.’ ठेकेदारांचं तोंड उघडंच राहिलं. त्या दिवशी मी आणि गुरुजींनी तीन डावांत दोन कोट चढवले. घरी येताना लक्षात आलं, दीड तासात मी एकदाही घड्याळ पाहिलं नव्हतं.

बाई पत्ते कुटते म्हणून बागेत बोलणं झालंच. चालणाऱ्या दोन-चार जणींनी माझ्याशी बोलणं कमी केलं. त्यातली एक पुढं वर्षभरानं माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘मला पण शिकवाल का?’ तिला शिकवलं. ती आता माझ्यापेक्षा बरी खेळते. पण तिच्या घरी माहीत नाही.

तर फळा. तो का लागला, ते मी चौकशी केली तेव्हा कळलं. बागेच्या मागच्या भागात, पंपरूमच्या आडोशाला, काही पोरं दुपारी खरोखर तीन पत्ती लावून बसायची. एक दिवस भांडण झालं, आवाज रस्त्यापर्यंत गेला, कोणी तरी तक्रार केली. तक्रार बरोबर होती. मी असते तर मीही केली असती. पण झालं काय, पोरं दुसरीकडं गेली आणि फळा आमच्या झाडाला लागला. चौकीदाराला म्हटलं, भाऊ, आम्ही पैसे लावतो का? तो म्हणाला, ‘मॅडम, मले माहीत आहे जी. पण वरून ऑर्डर आहे, माझी नोकरी जाईन.’ त्याच्याशी काय भांडणार.

आणखी एक कबुली द्यायची आहे. आमच्या ग्रुपविषयीची एक तक्रार खरी होती. खर्रा. एक-दोघं खर्रा खायचे आणि पन्न्या तिथंच. बाकाच्या मागची भिंत लाल. मी चार वेळा बोलले, मग झाडाला पिशवी बांधली, मग भिंत स्वतः धुतली तेव्हा कुठं बंद झालं. दुसऱ्याची लहान मुलं खेळतात तिथं हे करायचं आणि वर ‘आम्ही ज्येष्ठ नागरिक’ म्हणायचं, हे चालत नाही. त्यासाठी दंड लावा, दुप्पट लावा, मी पावती फाडायला मदत करीन.

पण पत्ते खेळणं म्हणजे जुगार, हे कायद्यातही नाही. आपल्या राज्यातला जुगारबंदीचा कायदा १८८७ चा आहे, इंग्रजांच्या काळातला. त्यात जुगार म्हणजे पैज लावणं, पैसे लावणं. आणि त्याच कायद्याचं तेरावं कलम म्हणतं की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागूच नाही. पत्त्यांच्या बाबतीत तर थेट सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. १९६७ च्या नोव्हेंबरमधला, आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी खेळताना धाड पडली होती. कोर्टानं सांगितलं की तीन पत्ती वेगळी, रमी वेगळी. रमीत कोणतं पान पडलं ते लक्षात ठेवावं लागतं, कोणतं ठेवायचं कोणतं टाकायचं त्याला डोकं लागतं, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ. पानं वाटताना नशीब असतं, पण तेवढं ब्रिजमध्येही असतं. हा निकाल पैसे लावून खेळायची मोकळीक देत नाही, हेही लक्षात ठेवा. पण चार म्हातारी माणसं बिनपैशाचा मेंढीकोट खेळतात, त्यांच्यावर ‘कारवाई’ कशाखाली करणार, हे त्या फळ्यावर लिहायला पाहिजे होतं.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, एवढं काय काकू, दुसरीकडं खेळा. आम्हीही तेच केलं. आता खरी गोष्ट सांगते.

गुरुजींचं डोकं म्हणजे आमच्या टेबलावरचं आश्चर्य होतं. डावाच्या शेवटी शेवटी ते सांगायचे, ‘साहेब, तुमच्याकडं इस्पिकची नव्वी आणि किलवरची पंजी. टाका.’ आणि असायची. पन्नास वर्षं पोरांच्या वह्यांतल्या चुका पकडल्या, पानं पकडायला काय लागते, म्हणायचे. मागच्या दिवाळीनंतर एकदा त्यांनी समोरच्यांच्या एक्क्यावर बदामची दश्शी टाकली. हातात बदामची दुर्री असताना. मी त्यांची पार्टनर होते, डाव संपल्यावर त्यांची उरलेली पानं पाहिली म्हणून कळलं. चूक कोणाचीही होते, मी काही बोलले नाही. मग एका डावात त्यांनी तीनदा विचारलं, ‘हुकूम काय आहे?’ चौकट, गुरुजी. पाच मिनिटांनी पुन्हा. चौकट, गुरुजी. आम्ही एकमेकांकडं बघितलं. मग एके दिवशी सायकल बागेच्या गेटवर लावून ते पायी घरी गेले आणि घरी जाऊन सायकल चोरीला गेली म्हणून सांगितलं.

हे त्यांच्या मुलाला सांगायचं कोणी? आठ दिवस आम्ही एकमेकांवर ढकललं. शेवटी मी गेले. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, काळजी घेतात. तो म्हणाला, ‘काकू, घरी तर सगळं नीट आहे. पेपर वाचतात, टीव्ही बघतात, वेळेवर जेवतात.’ आणि ते खरंच होतं. पेपर वाचताना काल काय वाचलं ते कोणी विचारत नाही. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला हुकूम काय ते सांगावं लागत नाही. ज्या गोष्टीत चूक झाली तर समोरच्या तिघांना तत्काळ कळते, अशी त्यांच्या दिवसात एकच गोष्ट उरली होती, आमचा डाव. मुलानं ऐकलं, हे त्याचं मोठेपण. डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले सुरुवात आहे, बरं झालं लवकर आणलं. गोळ्या सुरू आहेत.

मोबाइलवर सारखं फिरतं ना, की कोडी सोडवा, पत्ते खेळा, विसरायचा आजार होणार नाही. तसं मी लिहिणार नाही. गुरुजी सहा वर्षं रोज खेळत होते आणि तरी त्यांना झाला. खरा अभ्यास काय सांगतो ते मी शोधून वाचलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात पंचाहत्तरीच्या पुढच्या ४६९ लोकांचा काही वर्षं माग ठेवला होता, २००३ साली अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. वाचन, पत्ते किंवा पटावरचे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच करणं, हे करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. पण खेळल्यामुळं आजार टळला, की ज्यांचं डोकं शाबूत होतं तेच खेळत राहिले, हे अशा अभ्यासातून पक्कं ठरत नाही. तो लिहिणाऱ्यांनीही तसा दावा केला नाही. औषध म्हणून मी पत्त्यांची वकिली करत नाहीये. माझं म्हणणं एवढंच, की माणसाचं काही बिघडत चाललं आहे हे कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं, आणि त्यासाठी रोज समोर बसणारी माणसं लागतात.

डॉक्टरांनी मुलाला सांगितलं, त्यांचं जे रोजचं आहे ते मोडू नका. वेळ, रस्ता, माणसं, तेच ठेवा.

आणि मग फळा लागला.

आम्ही बँकवाल्या भाऊंच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बसायला लागलो. प्लास्टिकच्या चार खुर्च्या, एक जुनं स्टूल. तिथं कोणी काही म्हणत नाही. पण गुरुजींना ती जागा लक्षात राहत नाही. आम्ही सांगितलं, मुलानं सांगितलं, सुनेनं चिठ्ठी लिहून खिशात ठेवली. पाच वाजले की त्यांचे पाय बागेकडंच वळतात. अठ्ठावीस वर्षांचा रस्ता आहे तो, पायांना पाठ आहे. जातात, फळ्याखालच्या बाकावर बसतात, आमची वाट बघतात. पहिल्या आठवड्यात दोनदा असं झालं की त्यांना वाटलं आज कोणी आलं नाही, आणि अंधार पडेपर्यंत बसून परत गेले. आता आमच्यापैकी एक जण रोज पाचला बागेत जातो आणि त्यांना घेऊन येतो. रस्त्यात ते विचारतात, ‘आपण तिकडं काऊन जाऊन राहिलो?’ रोज सांगावं लागतं. मी ‘झाडाचं काम सुरू आहे, गुरुजी’ म्हणते. फळ्याचं सांगितलं की त्यांना वाटतं आपण काही गुन्हा केला.

ठेकेदारांचीही गोष्ट सांगते, त्यांच्या परवानगीनं. मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन महिने घरात. आम्ही भेटायला जायचो, पण रोज काही जमत नव्हतं. मोबाइलवर रमीची जाहिरात आली, वेलकम बोनस. दोन महिन्यांत एक लाख ऐंशी हजार गेले. बायकोला कळलं ते बँकेचा मेसेज आला तेव्हा. ठेकेदार मला म्हणाले, ‘वहिनी, समोर कोण बसलाय तेच दिसत नाही. माणूस आहे की मशीन. भुवई तरी कोणाची पाहू?’ २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा केला आणि पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. चांगलं झालं, माझ्या मते उशिरा झालं. पण तोपर्यंतची मजा बघा. एक लाख ऐंशी हजार घालवणारा खेळ टीव्हीवर सिनेनट येऊन खेळा म्हणत होते, आणि निंबाखाली फुकट खेळायची मात्र तुम्हाला भीती!

आम्ही अर्ज घेऊन ऑफिसात गेलो. मी आणि इंजिनिअर साहेब. तिथले अधिकारी वयानं लहान, बोलायला नम्र, बसायला खुर्ची दिली. म्हणाले, ‘आजी, बुद्धिबळ खेळा ना. त्याला कोणी नाही म्हणणार नाही. आपल्या दिव्यानं किती नाव काढलं.’ खरंच काढलं. दिव्या देशमुख, आपल्या नागपूरची पोरगी, एकोणीस वर्षांची, २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली, तोही कोनेरू हंपीला हरवून, आणि तिथंच ग्रँडमास्टर झाली. त्याआधी रौनक साधवानी तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, तोही इथलाच. मला अभिमान आहे. पण मी त्यांना म्हटलं, साहेब, बुद्धिबळ दोघांचं असतं, आम्ही पाच-सहा जण आहोत. दुसरं, माझा घोडा अजूनही कधी दोन घर जातो कधी तीन. आणि २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत भारताला पत्त्यांत सोनं मिळालंय, ब्रिजमध्ये, प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार, एक साठ वर्षांचे, एक छप्पन्न. त्यांनी कुठं प्रॅक्टिस केली असेल? ते हसले. म्हणाले, ‘ते ब्रिज आहे, आजी.’ म्हटलं, आमचा मेंढीकोट म्हणजे तिचा गावाकडचा भाऊ. चौघं, समोरासमोर पार्टनर, तेरा तेरा पानं, हुकूम, हात मोजायचे. फरक इंग्रजी नावाचा.

इंजिनिअर साहेबांनी तिथं एक हिशोब मांडला तो मला आवडला. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या चोवीस लाखांवर होती. राज्यात साठीच्या पुढचे लोक तेव्हा शंभरात जवळपास दहा. तेच प्रमाण शहराला लावलं तर तेव्हाच जवळपास दोन लाख चाळीस हजार म्हातारे. आता त्याहून जास्त असणार, कमी तर नाहीच. बागेत लहानांसाठी घसरगुंडी आहे, झोपाळा आहे, तरुणांसाठी ग्रीन जिम आहे. ती असावीच. पण आमच्यातल्या अर्ध्यांचे गुडघे गेलेले. आमच्यासाठी काय, तर बाक. बाक एका ओळीत, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, बसस्टॉपसारखी. समोरासमोर बसता येईल असं एक टेबल पूर्ण बागेत नाही. राज्याच्या ज्येष्ठ नागरिक धोरणाला दहा वर्षं होऊन गेली, विरंगुळा केंद्र हा शब्द आपण भाषणात ऐकतो. विरंगुळ्याला सिमेंटचं एक टेबल पुरतं हो.

बाहेर हे काही नवल नाही. चीनमधल्या बागांत म्हातारी मंडळी त्यांचं बुद्धिबळ आणि पत्ते घेऊन सकाळपासून बसतात, भोवती बघे. बुडापेस्टला गरम पाण्याच्या हौदात कमरेपर्यंत बुडून बुद्धिबळ खेळतात, माझ्या भाचीनं फोटो पाठवला तेव्हा आधी मला वाटलं गंमत केलीय. आणि एवढं लांब कशाला, केरळमधलं मरोट्टिचल गाव. दारू आणि जुगारात बुडालेलं होतं. तिथल्या एका चहावाल्यानं, उन्नीकृष्णन त्यांचं नाव, लोकांना बुद्धिबळ शिकवायला सुरुवात केली. आज ते गाव बुद्धिबळाचं गाव म्हणून ओळखलं जातं. तिथं जुगारावर उपाय म्हणून खेळ आणला. आमच्याकडं जुगारावर उपाय म्हणून खेळ काढला.

अर्जात आम्ही चार गोष्टी मागितल्या. निंबाखाली चार बाजूंनी बसता येईल अशी दोन टेबलं. संध्याकाळी आठपर्यंत एक दिवा, कारण उन्हाळ्यात सहाच्या आधी तिथं बसवत नाही. फळा बदलून ‘पैसे लावून खेळण्यास मनाई’ असा. आणि खर्रा थुंकणाऱ्याला दंड. अधिकाऱ्यांनी अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली, ‘वर पाठवतो’ म्हणाले. त्याला सतरा दिवस झाले. तोंडी म्हणाले, तोपर्यंत कॅरम, बुद्धिबळ, ल्युडो काही खेळा, पत्ते नको. म्हणजे ल्युडोत फासा टाकायचा, नशिबावर घर मोजायचं, ते चालेल. आणि तेरा पानं लक्षात ठेवायची ते नाही. हसावं की काय करावं!

आम्ही तरी कॅरम नेला एक दिवस. बोर्ड जुना, गुरुजींच्या नातवाचा. स्टँड नाही म्हणून बाकावर ठेवला, तिरपा झाला, सगळ्या सोंगट्या एकाच कोपऱ्यात. ठेकेदारांचा गुडघा वाकत नाही. पंधरा मिनिटांत गुंडाळला. पण त्या पंधरा मिनिटांत गुरुजी खूश होते, आपल्या जागी बसले होते ना. स्ट्रायकर हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, ‘हुकूम काय आहे?’

मी म्हटलं, चौकट, गुरुजी.

बरं, आता तुमच्याकडून काय पाहिजे ते. एक, तुमच्या भागातल्या बागेत असा फळा आहे का, ते बघून खाली कमेंटमध्ये लिहा. बागेचं नाव आणि फळ्यावरचे शब्द, एवढंच. कोणाला शिव्या देऊ नका, मी काढून टाकीन. दोन, कुठल्या बागेत समोरासमोर बसायचं टेबल असेल तर त्याचा फोटो टाका, अर्जाला जोडते. तीन, येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही बागेत त्याच बाकावर बसणार आहोत. पत्ते नेणार नाही, नियम मोडायचा नाही. अर्जाची दुसरी प्रत नेणार, ज्यांना सही करायची त्यांनी यावं. पार्किंगमध्ये सहा ते साडेसात डाव असतोच, चौथा पार्टनर कधी कधी कमी पडतो. बाया आल्या तर मला जास्त आनंद होईल. येत नसेल तर शिकवीन, दोन संध्याकाळी लागतात.

आणि जर कोणी पाचच्या सुमारास त्या बाजूनं जात असाल, आणि निंबाखाली पांढरा सदरा घातलेले, हातात कापडी पिशवी असलेले गुरुजी एकटे बसलेले दिसले, तर त्यांना सांगा की ताई येऊन राहिल्या, पाच मिनिटात. त्या पिशवीत पत्त्यांचा कॅट असतो. तेवढं चौकीदाराला सांगू नका.